मुकादम सरांची डिकी

मुकादम सरांची गाडी वळणावर खडखडायची. गाडीत बिघाड काही नव्हता. डिकीत हॉकीच्या स्टिका भरलेल्या असायच्या आणि वळण आलं की त्या एकमेकींवर आपटायच्या. कार लिफ्टला, म्हणजे महिन्याचे पैसे भरून गाडीतून जा-ये करायला, कोणी नवीन माणूस आला की तो हमखास मागे वळून बघायचा. सर आरशातून त्याच्याकडे बघत म्हणायचे, "घाबरू नका. सगळे इंजिनियर आहेत मागं."

शारजात अल मजाजला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो आणि त्या गाडीतून मी तिथून हमरियाला कित्येक वर्षं जा-ये केली. सकाळी सगळी दुनिया दुबईच्या दिशेला तुंबलेली असते आणि आम्ही उलटे, अजमान ओलांडून फ्री झोनकडे. आमची कंपनी पाइपांची. मी अकाउंट्सला, इक्बाल मुकादम स्टोअरला. ऑफिसात त्यांना 'सर' म्हणणारी मी एकटीच, कारण माझा आदित्य त्यांच्याकडे हॉकी शिकत होता. बाकी सगळे 'मुकादम, यल्ला, चल' करायचे, अगदी त्यांच्या मुलाच्या वयाचा मॅनेजरसुद्धा. सर मान हलवून स्टोअरची किल्ली घ्यायचे आणि जायचे. मला त्या मॅनेजरचा राग यायचा, त्यांना यायचा की नाही ते कळायचं नाही.

माणूस मूळचा दापोलीकडचा. उंच, जरा वाकलेला, उजवा गुडघा उठताबसता कुरकुरणारा. हाताला कधी स्वस्थता नाही. स्टोअरमध्ये झाडू हातात आला तरी धरायची पद्धत हॉकीची, डावा हात वर, उजवा खाली. पार्किंगमध्ये बाटलीचं बूच पडलेलं दिसलं की बुटाच्या टोकाने ते लिफ्टपर्यंत नेणार. शनिवार-रविवार संध्याकाळी एका शाळेचं मैदान भाड्याने घ्यायचे. मैदान खरं फुटबॉलचं, खोट्या गवताचं, त्यावर बॉल कुठेही उडायचा. सर स्टोअरमधलं चमकणारं जाकीट घालूनच उभे. का, तर अंधारात पोरांनी आपल्याला बॉल मारू नये म्हणून.

पोरांना नावाने हाक मारायचे नाहीत. पहिल्या दिवशी बापाला विचारायचे, "काय करायचंय ह्याचं?" बाप म्हणाला सीए, की त्या दिवसापासून तो पोरगा सीए. मग मैदानावर ओरडा चालू, "ए डॉक्टर, नाक खाली! बॉल गवतात असतो, आभाळात नाही. पायलट, पळ की जरा. बॉल तुझ्याकडे येणार नाही, तो काय डिलिव्हरी करतोय?" आमचा आदित्य गोलकीपर होता, म्हणजे जाड होता. त्याला 'आर्किटेक्ट' म्हणायचे. त्याच्या पायांमधून गोल गेला की म्हणायचे, "आर्किटेक्ट, दरवाजा फार मोठा ठेवलास."

एकाच खेळाडूला असं नाव नव्हतं. ती त्यांची मुलगी झोया. तिला ते 'सेंटर हाफ' म्हणायचे, बस्स. घरीसुद्धा. "सेंटर हाफ, पाणी आण."

आता त्यांचा नियम सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. पोरगं बारावीत गेलं की स्टिक जमा. एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष लागलं की पहिल्या शनिवारी हा कार्यक्रम व्हायचा. आईबाप समोसे, खजूर, थर्मासभर चहा घेऊन यायचे. बारावीची पोरं ओळीत उभी राहायची. एकेकाने पुढे येऊन स्टिक सरांच्या हातात द्यायची. सर दांड्यावर पट्टी चिकटवून मार्करने नाव लिहायचे आणि म्हणायचे, "खलास. आता पुस्तक. कॉलेजात ॲडमिशन झाली की ये आणि घेऊन जा." आईबाप टाळ्या वाजवायचे. वाजवणारच. हॉकीचा मास्तर स्वतःहून पोराला हॉकीतून सोडवून देतोय, असा मास्तर कुठे मिळतो! शारजातल्या अर्ध्या मराठी, मल्याळी आणि पंजाबी आयांना मुकादम सर देवमाणूस वाटायचे ते ह्याच्यासाठी. खेळ कोणी बघत नव्हतं.

हे का, तर त्यांची स्वतःची गोष्ट. नवीन पालक आला की ती त्याला ऐकवायचेच. लहानपणी ते पुण्याला, खडकीला मामाकडे राहिले. तिथे हॉकी लागली. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला असताना ज्युनियरच्या कॅम्पचं बोलावणं आलं आणि त्यांनी कॉलेज सोडलं. कॅम्पात राखीव म्हणून राहिले. "रोज सकाळी वाटायचं, आज आपलं नाव घेतील. मग वय संपलं. ज्युनियर संपलं की हॉकी तुम्हाला ओळख दाखवत नाही, ताई, आणि कॉलेजनं तर आधीच तोंड फिरवलेलं असतं." पुढे आखाती नोकरी, स्टोअरकीपरच्या व्हिसावर. तो व्हिसा शेवटपर्यंत तोच राहिला. इंटरव्ह्यूला बसले की पहिला प्रश्न डिग्रीचा. हे सगळं ते हसत सांगायचे, आणि शेवटी गुडघा चोळत म्हणायचे, "हॉकीनं मला काय दिलं, तर हा."

म्हणून नियम. ठीक आहे. त्याला मी तेव्हा नावं ठेवली नाहीत.

गंमत अशी की ॲडमिशन झाल्यावर स्टिक न्यायला कोणी यायचंच नाही. डॉक्टर मणिपालपासून मॉरिशसपर्यंत कुठे कुठे गेले, पायलट कॅनडात हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गेला, आमचा आर्किटेक्ट पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकला. स्टिका डिकीतच राहिल्या. दर वर्षी चारांची भर पडायची. भाभी, म्हणजे त्यांच्या बायको शबाना, एकदा मला म्हणाल्या, "डिकीत गव्हाची गोण ठेवायला जागा नाही ह्यांच्या. बाजारातून सगळं मांडीवर घेऊन यावं लागतं."

झोयाबद्दल मी काय सांगू? मला हॉकीतलं शष्प कळत नाही. पण ती मैदानावर आली की मैदान शांत व्हायचं एवढं मलाही समजायचं. बाकीची पोरं बॉलच्या मागे धावायची आणि ती, बॉल जिथे यायचा तिथे आधीच उभी असायची. दुबईच्या एका स्पर्धेत ती अकरावीत असताना भारतातून आलेले एक ट्रेनर होते, मुलींच्या ज्युनियर अकादमीचे. मॅच संपल्यावर ते सरांकडे चालत आले. मी शेजारीच आदित्यचे पॅड बॅगेत कोंबत होते. ते म्हणाले, "सर, ही आम्हाला द्या. बारावी करून घ्या, मग पाठवा. ज्युनियरची तीन वर्षं शिल्लक आहेत हिची. हॉस्टेल आमचं." सरांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "बारावी होऊ दे. मग इन्शाल्ला."

इथे राहून ह्या शब्दाचे सगळे प्रकार मी ऐकलेत. दुरुस्तीवाला इन्शाल्ला म्हणतो तेव्हा तो येणार नसतो. पण झोयाचं वय ते ओळखायचं नव्हतं. तिने ऐकलं आणि धरून चालली.

एप्रिलमध्ये ओळीत तीही उभी राहिली. नियम सगळ्यांना सारखा, असं सर त्या दिवशी माइक नसताना माइकवर बोलल्यासारखे बोलले. तिने स्टिक दिली. दिली म्हणजे आनंदाने दिली, हसत. परत मिळणार हे ठरलेलंच होतं ना. वर्षभर पोरगी मान मोडून अभ्यासाला बसली. मार्क चांगले पडले. अजमानला फार्मसीला जागा मिळाली आणि अकादमीतूनही विचारणा आली, जुलैपासून कॅम्प आहे, येताय का.

तो सकाळचा प्रसंग मी विसरणार नाही. मी मागच्या सीटवर बसले होते, एसी नुकता लावलेला, काचांवर दमट हवेचा थर. सर गाडी काढणार, तेवढ्यात झोया खाली आली. पायात घरातल्या स्लिपर, केस ओले. ड्रायव्हरच्या काचेवर टकटक केलं. सरांनी काच खाली घेतली.

"अब्बा, ॲडमिशन झाली. फी भरून झाली, सीट कन्फर्म आहे." आणि हात पुढे केला. "माझी स्टिक."

सर समोर बघत होते. म्हणाले, "पहिलं वर्ष होऊ दे."

"रूल असा नव्हता."

"सहा महिन्यांवर बाहेर राहिलीस तर व्हिसा जाईल. तिथे तुला महाराष्ट्राची कोण म्हणणार? जन्म शारजाचा. ना इथली राहशील ना तिथली."

झोया त्यांच्याशी वाद घालायची तो इंग्रजीतच, तशी बोलली. "कॉलेज विल वेट, अब्बा. आय आस्क्ड देम, एक वर्ष सीट ठेवतात. ज्युनियर वोन्ट वेट. यू टोल्ड अस दॅट. यू टोल्ड एव्हरीबडी."

सरांनी काच वर घेतली. मुलीचा हात अजून पुढेच होता, तो तिने काच हाताला लागायच्या आत मागे घेतला. गाडी रॅम्पवरून वर आली, पहिलं वळण आलं आणि मागे सगळं खडखडलं. त्यात तिचीही होती.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. अजमान येईपर्यंत कसंबसं थांबले, मग म्हणाले, "सर, नियम तुमचा आहे. पोरीनं तुमचं सगळं ऐकलं. आता तुम्ही तिचं एक ऐका."

"नियम बाकीच्या पोरांसाठी होता, ताई."

"म्हणजे?"

"त्यांना परत दिली तर काय करतील? भिंतीला टांगतील. म्हणून मी देतो म्हणायचो." सिग्नल लागला होता. त्यांनी गिअरवर हात ठेवला, काढला, परत ठेवला. "ही खेळेल. ही खरंच खेळेल. म्हणून नाही देणार."

मी त्यांना त्या सिग्नलवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. सरांच्या शेजारी बसलेला आमच्या कंपनीचा केरळी सेफ्टी ऑफिसर, ज्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तोही अवघडून खिडकीबाहेर बघत राहिला. सरांनी सिग्नल सुटल्यावर गाडी काढली. वाटेतल्या कॅफेटेरियासमोर नेहमीसारखा हॉर्न दिला, तीन करक चहा गाडीत घेतले आणि माझा ग्लास मागे देताना म्हणाले, "साखर कमी सांगितलीय तुमची." ह्याच्यावर माणसाने काय भांडायचं?

घरी भाभी झोयाच्या बाजूने होत्या. त्या दहावी नापास, पण मला म्हणाल्या, "व्हिसा गेला तर गेला. गावाला घर आहे आपलं, काय उघड्यावर पडणार आहे का पोरगी? स्वतः गेले होते ते घरातून पळून गेले होते हो खेळायला. त्यांना त्यांच्या बापानं अडवलं असतं तर थांबले असते का?" महिनाभर त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. सरांनी डबा स्वतः भरून आणायला सुरुवात केली, रोज अंडी आणि विकतची खुबूस रोटी. पण डिकीची किल्ली दिली नाही. जुलै आला आणि गेला.

नवीन स्टिक विकत घेता आली नसती का, असं मला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. आली असती. बाजारात मिळते. भाभींनी तर घेऊन देते म्हणून सांगितलंही. झोया म्हणाली, नको. तिला बापाच्या हातून हवी होती. तिने वाट पाहिली, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. दर वेळी सर म्हणाले, एवढं होऊ दे. पुढे तिने विचारायचं सोडलं. त्यानंतर ती मैदानाकडे एकदाही फिरकली नाही. संध्याकाळी मैदानाच्या बाजूने जावं लागलं तर पलीकडच्या फुटपाथने जायची. आणि सर ऑफिसात सांगायचे, "आमची फार्मासिस्ट." सेंटर हाफ म्हणणं त्यांनी कधी सोडलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

ह्यात अजून एक मुलगी होती, रेश्मा. तिचे वडील जबल अलीला फोर्कलिफ्ट चालवायचे. सरांकडे झोयाच्या जोडीला खेळायची, खेळात तिच्या निम्मीही नव्हती. दहावीनंतर वडिलांनी बायकापोरं साताऱ्याकडे गावी पाठवून दिली, इथलं परवडेना म्हणून. बारावी इथे झाली नाही, म्हणून तिची स्टिक जमा झाली नाही, एवढाच तिच्यात आणि झोयात फरक. गावाकडून ती त्याच अकादमीत गेली. ज्युनियर खेळली. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागली आणि नोकरी करता करता डिग्रीही करतेय. तिची एक मॅच एकदा सरांनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर लावली. मी बघत होते त्यांच्याकडे. रेश्माने गोल केला तेव्हा ते म्हणाले, "बॉल अडवताना हिचा हात अजून सैल पडतो. कितीदा सांगितलं होतं." मग मोबाइल उलटा ठेवला आणि अंडं सोलायला लागले. मला दया आली नाही. खरं सांगते, नाही आली. तुमचं सगळं गणित चुकलं ना, असं तोंडावर आलं होतं, पण माणूस जेवत होता.

झोया आमच्याच बिल्डिंगखालच्या फार्मसीत लागली. पांढरा कोट, नावाची पट्टी. कामाला वाघ आहे, गिऱ्हाइकांशी गोड बोलते. मी माझ्या गुडघ्याला पट्टा घ्यायला गेले तर तिने माप न घेता बरोबर साइज काढून दिली. मी म्हटलं, "कसं काय गं?" तर म्हणाली, "आंटी, आय ग्रू अप विथ वन." हसली नाही.

मग कंपनीने स्टोअर दुसऱ्या एजन्सीला दिलं आणि मुकादम सर कॅन्सल करून निघाले. इथे असंच म्हणतात. माणूस निवृत्त होत नाही, त्याचा व्हिसा कॅन्सल होतो. भाभी आधीच गावी गेल्या होत्या. गाडी झोयाला द्यायची होती, म्हणून सर डिकी रिकामी करायला बसले. सगळ्या स्टिका पार्किंगमध्ये भिंतीला लावून उभ्या केल्या, नावाच्या पट्ट्या पुढे करून. आणि एकेकाला फोन लावायला लागले. मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा ते स्पीकरवर बोलत होते. पलीकडून डॉक्टर म्हणत होता, "सर, हाउ आर यू! अरे, वो स्टिक? डोनेट कर दीजिए ना, सर." सीएने फोन कापून मेसेज टाकला, मीटिंगमध्ये आहे. आमच्या आर्किटेक्टला मीच फोन लावला. तो म्हणाला, "आई, गिव्ह इट टू समवन ना. आय हॅव अ कॉल." सर म्हणाले, "राहू दे, बिझी असतात पोरं." ते अभिमानाने म्हणाले की कसं, मला ठरवता येईना. शेवटी स्टिका कचऱ्याच्या खोलीबाहेर उभ्या केल्या, कोणाला हव्या असतील तर नेतील म्हणून. संध्याकाळपर्यंत कोणी नेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं, शारजाहून. झोया गाडी चालवत होती, मी मागे, माझ्या नेहमीच्या जागेवर. सर पुढे बसले होते आणि मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. मला समजलं. तिलाही समजलं असणार, पण तिने रस्त्यावरची नजर काढली नाही. वळणं आली आणि गेली, मागे काही वाजलं नाही.

बॅगा ट्रॉलीवर चढवल्या. काचेच्या दाराजवळ सरांनी चादर सोडली. स्टिक तीच, पट्टीवर मार्करने लिहिलेलं नाव पुसट झालेलं. पण मुठीवरची ग्रिप कोरी होती, घट्ट बसवलेली, पिवळी. डिकीतल्या बाकी सगळ्यांच्या ग्रिपा कुजून चिकट झाल्या होत्या, मी आदल्याच दिवशी हात लावून पाहिलं होतं. म्हणजे हा माणूस हिची ग्रिप बदलत होता. किती वर्षं, ते मी विचारलं नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. अहो, ग्रिप बदलायला डिकी उघडत होतात, तेव्हा तीच हातात घेऊन वर जायला काय झालं होतं?

"सेंटर हाफ," सर म्हणाले आणि स्टिक पुढे केली. "तुझी डिग्री पण झाली."

झोयाने स्टिककडे बघितलं. ग्रिपकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्या दिवशी ती इंग्रजीत बोलली नाही.

"मी मागितली तेव्हा द्यायची होती, अब्बा."

आवाज चढवला नाही, रडली नाही. पुढे होऊन तिने त्यांना मिठी मारली, खांद्यावरचा धागा काढला, गोळ्या हँडबॅगेत आहेत ना ते विचारलं. "पोचल्यावर मेसेज करा. मी पार्किंगचं बघते," म्हणाली आणि गेली.

सरांचा हात तसाच पुढे होता. मी तो स्टिकसकट धरून खाली केला, कारण लोक बघायला लागले होते. मीच म्हणाले, "जा आता. चेक-इन बंद होईल." त्यांनी मान हलवली, स्टोअरची किल्ली घ्यायला सांगितल्यावर हलवायचे तशी. स्टिक बॅगांवर आडवी ठेवली आणि ट्रॉली ढकलत आत गेले. आतल्या वळणावर ती घसरून खाली पडली. ते वाकले, गुडघ्यामुळे वेळ लागला, उचलून परत ठेवली. मागच्या बाईने वाट बघून शेवटी त्यांना ओलांडून आपली ट्रॉली पुढे नेली.